आपत्तीची पेटी आणि तिचं कुलूप

परवाच्या रविवारी गावी गेले, पत्र्याची पेटी उघडली, तर टॉर्चमधले सेल पुन्हा गायब. भिंतीवरचं घड्याळ मात्र टिकटिक करत अगदी बरोबर वेळ दाखवत होतं. पर्समधून नवे सेल काढले, टॉर्चमध्ये घातले आणि पेटीचं झाकण नुसतं लोटून ठेवलं. दोन वर्षांपूर्वी असं झालं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. घेतलंही होतं, आणि ते आठवलं की अजून माझं मलाच नको होतं.

माझं सासर आंदर मावळात. घर डोंगराला इतकं चिकटून, की मागच्या दाराने बाहेर पडलं की चढणच लागते. मी मूळची लोणावळ्याची. लग्नानंतर आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ फ्लॅट घेतला, कारण नवऱ्याची कंपनी चाकणकडे आणि माझी नोकरी तळेगावातल्या एका शाळेच्या ऑफिसात. सासू-सासरे गावीच राहिले. भाताची खाचरं, दोन म्हशी, एक गाय, यांना सोडून ते कुठे यायचे! सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्यांना दमा आहे. पावसाळ्यात तो फार उसळतो. दम्याचा पंप त्यांच्या कमरेच्या कापडी पिशवीत तंबाखू-मिश्रीच्या शेजारी असतो. कितीदा सांगितलं, ती मिश्री सोडा म्हणून. जाऊ दे, तो वेगळाच विषय आहे.

त्या उन्हाळ्यात तालुक्याहून चार माणसं गावात आली. वर डोंगरावर जाऊन उतार बघून आली आणि मग शाळेत सगळ्यांना बसवून त्यांनी नीट समजावलं. सलग तीन-चार दिवस झोडपलं की माती पाणी पिऊन जड होते. वर चीर दिसली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर विचार करत बसायचं नाही, सरळ घर सोडून शाळेत यायचं. शाळा डोंगरापासून लांब, कातळावर आहे. आणि प्रत्येक घरात एक पिशवी भरून तयार ठेवायची, त्यात काय काय असावं त्याची छापील यादी वाटली. मी त्या दिवशी रजा काढून मुद्दाम गेले होते. सभा संपेपर्यंत मामांनी त्या यादीच्या कागदात तंबाखू बांधलेली होती.

मी घरी येऊन यादी वहीत उतरवली. मला हे असलं काम फार आवडतं, खोटं कशाला बोलू. टॉर्च, जास्तीचे सेल, काडेपेटी, मेणबत्त्या, शिट्टी, दोरी, प्लास्टिकचा मोठा कागद, बिस्किटांचे पुडे, जुलाबावरची साखर-मिठाची पाकिटं, सातबारा आणि आधार कार्डांच्या झेरॉक्स, आणि आत्यांचा एक जास्तीचा पंप. सगळं एका चांगल्या पाठीवरच्या पिशवीत भरलं, नेऊन दाराजवळच्या खुंटीला अडकवलं आणि घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितलं. आत्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, आमची बेगमी झालीय की. खरंच झाली होती. पडवीत सरपण छतापर्यंत रचलेलं, गोवऱ्यांची रास झाकलेली, कणगीत तांदूळ, मडक्यात मीठ, डब्यात सुकट, गुरांना पेंढा. चार महिने कुणाचं तोंड बघायला नको. मी म्हटलं, आत्या, तुमची सगळी तयारी घरात बसून राहायची आहे, माझी घरातून निघायची आहे. त्यांना ते पटलं नाही. घर भरलेलं असताना निघायचं कशाला, असा त्यांचा चेहरा.

पंधरा दिवसांनी गेले तर पिशवी निम्मी. टॉर्च शेजारच्या जावेकडे गेलेला, तिची गाय व्यायली होती म्हणून. दोरी म्हशीच्या गळ्यात. प्लास्टिकचा कागद गोवऱ्यांवर. बिस्किटं पाहुण्यांना चहाबरोबर दिली. साखर-मिठाची पाकिटं मामांनी शेतातून आल्यावर सरबत म्हणून प्यायली आणि वर मला सांगितलं की बरं लागलं, आणखी आन. शिट्टी कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. तरी शांत राहिले, पुन्हा सगळं भरलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. सातबाऱ्याची झेरॉक्स मामांच्या बंडीच्या खिशात घामाने लगदा झालेली. सेल घड्याळात. पंप तेवढा शिल्लक, तोही जागेवर नव्हे, देव्हाऱ्यात नेऊन ठेवलेला.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, अगं, आमच्या घरात वस्तू पडून राहिलेली बघवतच नाही कुणाला. गरज लागली की घ्यायची, शेजाऱ्याला लागली की द्यायची. मी म्हटलं, अरे पण ज्या दिवशी खरी गरज लागेल त्या दिवसाचं काय? तो म्हणाला, तू फार मनाला लावून घेतेस. इतका राग आला मला! आईबाप त्याचे, डोंगर त्यांच्या डोक्यावर, आणि मनाला लावून घेते ती मी!

तिसऱ्या वेळेला माझं डोकंच फिरलं. कामशेतच्या बाजारातून पत्र्याची पेटी घेतली, कॉलेजच्या पोरी होस्टेलला नेतात तसली, कडीकोयंड्याची. सगळं सामान नव्याने भरलं. झाकणाच्या आतून यादी चिकटवली, कशाखाली काय आहे तेही लिहिलं. मग पेटी पडवीत सगळ्यांसमोर ठेवली. शेजारची जाऊ होती, तिचा नवरा होता, आणखी दोघी-तिघी भाताचं बियाणं निवडत बसल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत मी कुलूप लावलं आणि बोलले. चांगलं मोठ्याने बोलले. या पेटीला कुणीही हात लावायचा नाही, ही पाहुण्यांसाठी नाही, म्हशीसाठी नाही, घड्याळासाठी नाही. डोंगर खाली आला तर पहिली ही पेटी उचलायची आणि निघायचं. माझा जीव जातोय तुमच्यासाठी धावून धावून, आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. असं आणि आणखी बरंच.

त्या घराच्या दाराला कधी कुलूप लागलेलं मी पाहिलं नव्हतं, कडी घातली की झालं. आणि मी घरातल्या घरात, घरातल्याच माणसांपासून कुलूप लावलं होतं. हे मला त्या क्षणी कळलं नाही असं नाही. कळलं, पण राग मोठा होता.

किल्ल्या दोन होत्या. एक घरात ठेवायची पद्धत. पण मी म्हटलं, ठेवली की खुंटीवर लटकणार, आणि खुंटीवर लटकली की पेटी पुन्हा धर्मशाळा. दोन्ही किल्ल्या मी माझ्या जुडग्यात अडकवल्या, फ्लॅटच्या किल्लीशेजारी.

संध्याकाळी निघताना पाहिलं, तर आत्यांनी पेटी उचलून आतल्या खोलीत देव्हाऱ्याच्या बाजूला पाटावर ठेवली होती आणि तिला हळदीकुंकू लावलं होतं. नवी वस्तू घरात आली की त्या लावतातच. नवी शिलाई मशीन आली तेव्हाही लावलं होतं. मी आपली हसले आणि जीपमध्ये बसले.

त्यानंतर चमत्कारच झाला. पुढच्या चारही खेपांना पेटी जशीच्या तशी! पत्र्यावर धूळ नाही, रोज पदराने पुसलेली. मी कुलूप उघडायची, मोजून बघायची, सगळं जागेवर. ऑफिसात मैत्रिणींना सांगितलं, माणसांना नुसतं समजावून काही होत नाही, एकदा आवाज चढवावाच लागतो. शाबासकी मी माझी मलाच देऊन टाकली होती.

आषाढ संपता संपता पाऊस लागला तो थांबेचना. पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा शेजारच्या चुलत दिरांचा फोन आला. आवाज तुटत होता. वर डोंगरात चीर पडली, झऱ्याला माती आली, म्हणून उजाडतानाच सगळी वस्ती शाळेत गेली. माणसं सगळी सुखरूप. गुरंही सोडून आणली. आणि ते म्हणाले, "तुमची पेटी पन आनली बरं का वैनी. आबांनी डोक्यावर घेतली, लय जड. पर आनली." मामांना ते आबा म्हणतात.

काय सांगू, मला भरून आलं. ऐकलं होतं त्यांनी माझं! चीर बघून विचार करत बसले नाहीत, निघाले, आणि पेटी घेऊन निघाले. मी आत्यांची चौकशी केली. ते म्हणाले, त्यांना जरा दम लागलाय, पळापळीत कमरेची पिशवी कुठंतरी पडली. मी म्हटलं, अहो मग पेटीतला पंप द्या ना. पलीकडून खरखर झाली आणि फोन बंद. पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग माझं लक्ष ओट्यावर ठेवलेल्या जुडग्याकडे गेलं.

पहिला विचार आला तो असा, की तोडतील. दगडाचा एक घाव घातला की निघेल, कुलूप काही फार भारी नव्हतं. पण मग मला पाट आठवला. हळदीकुंकू आठवलं. रोज पदराने पुसलेला पत्रा आठवला. आणि मला खात्रीच वाटायला लागली की नाही तोडणार.

नवऱ्याला फोन करून उपयोग नव्हता, कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात. निरोप ठेवला आणि तशीच निघाले. घोरावाडीला लोकल अर्धा तास उशिरा. कान्हे स्टेशनला उतरले, फाट्यावर आले तर आंदर मावळात जायला जीप तयार नाही. एक दूधवाला टेम्पो जात होता, त्याने पुढे बसवून घेतलं. तो माणूस चांगला होता पण बडबड्या. लोक कसे धबधबे बघायला येतात, रील काढतात, गाड्या कशा आडव्या लावतात, सगळं सांगत होता. माझ्या मुठीत जुडगं होतं आणि मी मनातल्या मनात सगळ्यांवर चिडले होते. नवऱ्यावर, की त्याने तेव्हाच हसण्याऐवजी एक किल्ली काढून का घेतली नाही. चुलत दिरांवर, की एवढा बाप्या माणूस आणि त्यांना एक कुलूप तोडता येऊ नये. आत्यांवर सगळ्यात जास्त. पंप कमरेला नीट बांधता येत नाही का या बाईला! मिश्री बरी सांभाळता येते!

गावाच्या अलीकडे ओढ्यावर फरशीचा पूल आहे. त्यावरून पाणी जात होतं. फार नाही, गुडघाभर, पण लाल आणि जोराचं. टेम्पोवाल्याने गाडी थांबवली आणि मला उतरून पाण्यात पाय घालू दिला नाही. शाळा तिथून दिसते. कातळावरचं लाल कौलारू छप्पर, पडवीत माणसं, कोण कोण ते ओळखू येत नव्हतं. मी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात माझी हाक मलाही ऐकू येईना. मी तोंडाभोवती हात धरून ओरडत होते, कुलूप तोडा, कुलूप तोडा. पलीकडून कुणीतरी हात हलवला, ठीक आहे असा. अशाच वेळेसाठी तर शिट्टी पेटीत घातली होती मी.

दीड तास आम्ही तिथे होतो. दीड तास मी छप्पर बघत उभी होते. तेव्हा राग हळूहळू सगळ्यांवरून निघून माझ्याकडे आला आणि माझ्यापाशीच थांबला. घाबरले होते मी. आत्यांचं काही झालं तर मी घरात कुणाला तोंड दाखवणार नव्हते.

पाणी घोट्यापर्यंत उतरलं तसे पलीकडून चुलत दीर दोर घेऊन आले आणि मला पार नेलं. मी तशीच पळत सुटले.

शाळेच्या पडवीत एका बाजूला गुरं, एका बाजूला माणसं. मधे पेटी. खाली चिखल लागू नये म्हणून तिच्याखाली कुणाचं तरी घोंगडं घडी करून घातलेलं. आणि पेटीला टेकून आत्या बसलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली, ओठ काळसर. श्वासाचा शिट्टीसारखा आवाज बाहेरूनच येत होता. शेजारी मामा उकिडवे बसलेले, त्यांच्या पायाशी एक मोठा दगड.

मी ओरडले, कुलूप का नाही तोडलं म्हणून. रडतच ओरडले बहुतेक. मामांनी दगडाकडे बघितलं. "दोनदा उचालला," ते म्हणाले. "तिनं हात धरला."

आत्यांनी मान वर केली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता त्यांना. "तूच म्हनली व्हतीस... हात लावायचा न्हाई. येशील... म्हनलं."

मी किल्ली घातली. फिरेना. डोक्यावरून आणताना पेटी एकदा चिखलात पडली होती, कुलपात माती गेलेली. दुसरी किल्ली घातली, तीही फिरेना. एवढी लोकल, एवढा टेम्पो, दीड तास, आणि त्या दोन किल्ल्या! मी जुडगं फेकून दिलं, मामांच्या पायाशी पडलेला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. तिसऱ्या घावाला कोयंडाच उचकटला.

पंप उजव्या कोपऱ्यात होता. यादीत लिहिल्याप्रमाणे. आत्यांना मी पाठीमागून धरलं, पंप तोंडाशी दिला, दाबला, थोडं थांबून पुन्हा दाबला. मग पुन्हा. काही वेळ काहीच फरक पडला नाही. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले, काय बोलत होते आठवत नाही, माफी मागत असेन. हळूहळू तो शिट्टीचा आवाज उतरला. खांदे खाली आले. ओल्या पदराने त्यांनी तोंड पुसलं. नंतर रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं, वाफ दिली, दोन दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकलं. घराचं म्हणाल तर मागची गोठ्याची भिंत चिखलाने आत ढकलली गेली, बाकी राहिलं.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा पडवीत, आत्यांचा श्वास जागेवर आल्यावर, मी पहिल्यांदा उघड्या पेटीकडे नीट बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. टॉर्च, सेल, मेणबत्त्या, शिट्टी. प्लास्टिकचा कागद घडी न मोडलेला, आणि शेजारी पोरं गळक्या कौलांखाली भिजत बसलेली. बिस्किटांचे बारा पुडे होते. पहाटेपासून त्या पडवीत कुणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. पोरं पेटीकडे बघत होती, जवळ मात्र एकही येत नव्हतं.

आत्यांनी पेटीत डोकावलं. मग माझ्याकडे बघितलं. आवाज अजून बसलेलाच होता.

"पोरं सकाळधरनं उपाशी हायती," त्या म्हणाल्या. "त्यातली बिस्किटं वाटू का गं? तू म्हनशील तर."

मी पुडे उचलले आणि त्यांच्या ओटीत टाकत गेले, सगळे.